धंदा कशामुळे बसतो? कोलशेतपासून शहापूरपर्यंत छोट्या धंदेवाल्यांच्या अंगवळणी पडलेल्या सवयी आणि त्यावरचे उपाय

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून खाडीच्या दिशेने उतरलं की कोलशेत लागतं. कोळीवाडा, रेतीबंदर, हवाई दलाचं स्टेशन आणि उंच टॉवर, सगळं एकाच पट्ट्यात. पूर्वी सँडोझ आणि नंतर क्लॅरियंट या नावाने चालणाऱ्या केमिकल कंपनीच्या जागेवर आज लोढाची मोठी वसाहत उभी आहे. भातशेती आणि मासेमारीवर जगणाऱ्या गावात बांधकाम शिरलं आणि त्याच्या मागोमाग धंदे आले. रेती, खडी, विटांचा सप्लाय, डंपर, जेसीबी, पाण्याचे टँकर, मजुरांची खानावळ, हार्डवेअरचं दुकान, भाड्याच्या खोल्या.

खाडीच्या पलीकडे भिवंडी तालुक्यातलं काल्हेर. तिथे गोदामं वाढली. त्याच्याही पुढे समृद्धी महामार्ग आला, त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी वाहतुकीला खुला झाला. म्हणजे कोलशेतच्या भूमिपुत्रांपुढे जे आधी आलं तेच आता भिवंडी, कल्याण ग्रामीण, शहापूरच्या पोरांपुढे येतंय. जमिनीचे पैसे हातात, साइट दारात आणि "आपण पण कायतरी धंदा टाकू" ही इच्छा.

धंदे टाकले जातात. काही उभे राहतात, बरेच तीन-चार वर्षांत बसतात. मग गावात कारणं सांगितली जातात. बिल्डरने पैसे बुडवले, परप्रांतीय आले, बँकेने दिलं नाही, नशीब. यातली काही कारणं खरी असतात. पण बसलेल्या धंद्याचा हिशोब नीट उलगडला तर मोठा भाग मालकाच्या स्वतःच्या सवयींचा निघतो. आणि गंमत अशी की या वाईट सवयी नाहीत. गावात याच सवयींना चांगुलपणा म्हणतात. शब्दावर विश्वास ठेवणं, पैसे मागायला संकोचणं, घरादाराचा पैसा एकत्र ठेवणं, पाहुण्याला नाही न म्हणणं. शेतात आणि भावकीत त्या उपयोगी पडल्या म्हणून टिकल्या. दुकानात आणि साइटवर त्याच अंगाशी येतात.

"आपलाच माणूस आहे, देईल"

सगळ्यात महाग सवय उधारीची. उधारी देणं ही चूक नाही, बांधकामाच्या धंद्यात रोखीवर कुणीच माल घेत नाही. चूक आहे ती तारीख न ठरवता देण्याची आणि नंतर न मागण्याची.

हिशोब करून बघा. समजा एखादा सप्लायर महिन्याला 10 लाखांचा माल टाकतो आणि सगळा खर्च जाऊन त्याला 8 टक्के सुटतात. म्हणजे महिन्याचे 80 हजार. एका पार्टीने 4 लाख बुडवले तर पाच महिन्यांची कमाई गेली. ते भरून काढायला आणखी 50 लाखांचा माल टाकावा लागेल. बहुतेक जण हा आकडा कधी मांडतच नाहीत. "चार लाख अडकलेत" एवढंच बोलतात, जणू ते कुठेतरी सुरक्षित ठेवलेत.

त्यात पहिली बाकी असताना त्याच पार्टीला दुसरा माल टाकला जातो. विचार असा की माल बंद केला तर जुने पैसेही जातील. समोरचाही हेच ओळखून असतो. म्हणून आकडा आधीच ठरवावा. "दोन लाखांवर बाकी गेली की गाडी निघणार नाही." हे वाक्य पहिला माल टाकायच्या आधी, हसतखेळत सांगता येतं. बाकी पाच लाखांवर गेल्यावर तेच वाक्य भांडण होतं.

मागायची लाज वाटणं समजू शकतं. समोरचा मेहुण्याचा मित्र असतो, नाहीतर ज्या नगरसेवकाच्या ओळखीने काम मिळालं त्याचा माणूस. अशा वेळी मागणी तोंडी न करता कागदावर करावी. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला सगळ्याच पार्ट्यांना बाकीचा कागद जातो, त्यात राग धरण्यासारखं काही राहत नाही. त्या कागदावर "वरील बाकी मान्य" लिहून तारखेसह सही घेतली तर त्याला कायद्यातही किंमत आहे. विकलेल्या मालाच्या वसुलीसाठी कोर्टात जायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. मुदत संपायच्या आत समोरच्याने लेखी बाकी मान्य केली तर त्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षं मोजली जातात. सही नसेल तर "आज देतो, उद्या देतो" यातच मुदत निघून जाते.

चेकचंही तसंच. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत टाकावा लागतो. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवस, तरीही पैसे नाही आले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. कितीतरी जणांकडे कपाटात जुने चेक पडून असतात. "टाकू नको, सांगतो तेव्हा टाक" असं सांगितलेलं असतं आणि तो दिवस उजाडतच नाही.

एक कायदा मात्र अजून पुष्कळांना ठाऊक नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात अशी तरतूद आहे की सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि लेखी काही ठरलं नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. दाद राज्याच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन मागता येते. निकाल विरोधात गेला आणि घेणाऱ्याला तो कोर्टात आव्हान द्यायचा असेल तर 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते. मात्र याचा फायदा बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, नुसत्या व्यापाऱ्याला नाही. म्हणजे वीटभट्टीवाला, क्रशरवाला, जेसीबी भाड्याने चालवणारा यात बसतो. दुसऱ्याची खडी विकत घेऊन पुढे विकणारा बसत नाही. आणि उद्यम नोंदणी माल देण्याआधी केलेली असावी, नंतर केली तर वाद निघतात.

एकच गल्ला

दुकानाच्या गल्ल्यातून पोराची फी, गल्ल्यातून बाजार, गल्ल्यातून पाहुण्यांची सोय. संध्याकाळी उरेल तो नफा. ही पद्धत एवढी सर्रास आहे की ती कुणाला सवय वाटतच नाही.

शेतकऱ्याला हे वेगळं समजवायची गरज पडू नये. भाताचं बियाणं कणगीतल्या खायच्या भातापासून वेगळं ठेवतात. वर्ष कितीही वाईट गेलं तरी बियाण्याला हात लावत नाहीत. धंद्याचं खेळतं भांडवल म्हणजे बियाणंच. गल्ल्यातले 40 हजार आपले नसतात, त्यातले 32-35 हजार उद्याच्या मालाचे असतात.

कोळीवाड्यात तर याची पूर्वापार पद्धत आहे. बोट खाडीतून किंवा समुद्रातून परत आली की मासळीच्या पैशातून आधी डिझेल, बर्फ असा खर्च काढतात. मग वाटे पडतात, आणि त्यात माणसांबरोबर बोटीचा आणि जाळ्यांचाही वाटा असतो. बोट काही जेवत नाही, पण तिचा वाटा काढला नाही तर पुढच्या मोसमात दुरुस्तीला पैसा कुठून आणणार? ज्यांच्या आजा-पणजाला बोटीचा वाटा काढायचं कळत होतं, त्यांच्या नातवाने डंपर घेतला आणि डंपरचा वाटा काढायचा विसरला. टायर, सर्व्हिसिंग, इन्शुरन्स, पासिंग यांचे पैसे बाजूला नसतात. मग टायर फुटला की शेकडा पाच रुपये महिना व्याजाने पैसे उचलायचे. शेकडा पाच ऐकायला थोडं वाटतं. एक लाखावर महिन्याला 5 हजार, वर्षाला 60 हजार. मुद्दल आहे तिथेच. शिवाय परवाना नसताना व्याजाने पैसे देणं हा 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे असा व्यवहार कागदावर येत नाही आणि घेणाऱ्याला दाद मागणं अवघड होतं.

उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. धंद्याचं बँक खातं आणि यूपीआयचा क्यूआर वेगळा, घराचं खातं वेगळं. मालकाने स्वतःला पगार लावून घ्यायचा. 20 हजार तर 20 हजार, ठरलेल्या तारखेला घरच्या खात्यात. त्यावर एक रुपया लागला तर गल्ल्यात हात घालण्याआधी चिठ्ठी टाकायची. नुसती चिठ्ठी टाकायला लागली तरी हात थांबतो. गाडी असेल तर दर फेरीमागे ठरलेली रक्कम तिसऱ्या खात्यात, बोटीचा वाटा म्हणून.

"बघू नंतर"

तिसरी सवय कागद न उघडण्याची. बँकेचं पत्र, जीएसटीची नोटीस, सीएचा फोन. त्रासदायक गोष्ट बघितली नाही म्हणजे ती नाही, असं मन समजतं.

जीएसटीमध्ये मालाच्या धंद्याला वर्षाला 40 लाख आणि सेवेच्या धंद्याला 20 लाख उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही. एकदा नोंदणी झाली की विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावंच लागतं. मासिक रिटर्नला उशीर झाला तर दिवसाला 50 रुपये, शून्य विक्री असेल तर 20 रुपये लेट फी, तिला उलाढालीप्रमाणे कमाल मर्यादा आहे. थकलेल्या करावर वर्षाला 18 टक्के व्याज वेगळं. पैशापेक्षा अडचण मोठी येते ती पुढे. लागोपाठ दोन रिटर्न चुकली की ई-वे बिल निघणं बंद होतं, म्हणजे गाडी भरता येत नाही. सहा महिने भरलं नाही तर नोंदणीच रद्द होऊ शकते. मग मोठी पार्टी दारात उभी करत नाही.

उधारीवाल्याला इथे दुहेरी मार बसतो. बिल फाडलं की कर भरायची जबाबदारी आली, पार्टीचे पैसे आलेले असोत वा नसोत. म्हणजे न मिळालेल्या पैशावरचा जीएसटी खिशातून. बिल फाडताना हा पैसा कुठून भरणार हे ठरवलेलं असलं पाहिजे.

बँकेच्या बाबतीत 90 दिवस हा आकडा लक्षात ठेवावा. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की कर्ज एनपीए होतं, पुढचे रस्ते अरुंद होतात. पहिला हप्ता चुकण्याची चिन्हं दिसली की मॅनेजरकडे जाऊन मुदत वाढवण्याची किंवा हप्ता कमी करण्याची लेखी विनंती करावी. बँक ऐकेलच असं नाही. पण फोन बंद करून बसणाऱ्याचं तर ती नक्कीच ऐकत नाही.

दर सांगताना आवाज का बारीक होतो?

खानावळीचा डबा असो की जेसीबीचा तास, गावातला धंदेवाला दर सांगतो आणि समोरच्याने भुवई उंचावायच्या आत स्वतःच कमी करतो. आपल्या श्रमाचे पैसे मागणं म्हणजे लोभ, असं कुठेतरी मनात बसलेलं असतं. घरच्या माणसांची मजुरी, स्वतःची मजुरी, जागेचं भाडं हे दरात धरलेलंच नसतं. बायको पहाटे चारला उठून पोळ्या लाटते, त्याचा हिशोब शून्य. मग डबा स्वस्त पडतो आणि वर्षभर राबून हाती काही लागत नाही. बाई आजारी पडली, दोन बाया मजुरीने लावल्या की कळतं, डबा खरं तर तोट्यात चाललेला.

यात शिकायचं तर कोळणीकडून शिकावं. पाटीसमोर उभं राहून घासाघीस करून बघा. ती किती खाली येणार हे तिचं ठरलेलं असतं आणि त्याखाली ती येत नाही. गिऱ्हाईक उठून गेलं तरी बोलावत नाही, बोलावलं तर ठरलेल्या दरातच. बंदरावर उचललेल्या मालाचा हिशोब तिच्या डोक्यात पक्का असतो.

मोठेपणा

याबद्दल लिहिलेलं काही वाचकांना आवडणार नाही. धंद्यातले पहिले चार पैसे दिसले की गाडी, आणि घरात लग्न निघालं की हळद. हळदीवरचा खर्च कमी करा, अशी आवाहनं आगरी-कोळी समाजाच्या बैठकांमधूनच वारंवार झाली आहेत, तेव्हा हा बाहेरच्या कुणाचा टोमणा नाही. मंडप, डीजे, हजार माणसांचं मटण, सगळं हौसेने. हौस असू नये असं कोण म्हणेल? प्रश्न एवढाच की पैसा कुठल्या डब्यातला. जमिनीच्या मोबदल्यातली ठेव मोडून किंवा सप्लायरला द्यायचे पैसे थांबवून हळद झाली तर पुढच्या महिन्यात साइटवर माल जात नाही. हजार पाहुण्यांपैकी कुणी ते भरून द्यायला येत नाही.

गाडीचं तर वेगळं गणित. धंद्याला लागणारी गाडी पैसे आणते. रुबाबाची गाडी दर महिन्याला पैसे नेते. दोन्हींचे हप्ते एकाच महिन्यात आले की पहिला चुकतो तो धंद्याच्या गाडीचा, कारण दुसरी लोकांना दिसते.

यश का मिळालं हे माहीत नसलं की

एवढं सगळं कळूनही माणूस बदलत नाही, त्याचं एक कारण मानसशास्त्रात सापडतं. 1978 साली अमेरिकेत स्टीव्हन बर्ग्लास आणि एडवर्ड जोन्स यांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींना सोडवता येतील असे प्रश्न दिले, काहींना उत्तरच नसलेले. दोघांनाही "तुम्ही फार छान सोडवलंत" असं सांगितलं. मग दुसऱ्या परीक्षेआधी दोन औषधांतलं एक निवडायला सांगितलं. एकाने डोकं चांगलं चालेल, दुसऱ्याने मंद होईल, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. ज्यांना आपण पास कसे झालो हेच कळलं नव्हतं, त्यांच्यातल्या पुरुष विद्यार्थ्यांनी डोकं मंद करणारं औषध जास्त निवडलं. नापास झालो तर औषधावर ढकलता येईल. पहिली शाबासकी खोटी ठरायला नको.

बांधकामाच्या पट्ट्यातल्या पुष्कळ पोरांची हीच गत होते. पहिलं काम मिळालं ते जमीन गावाची होती म्हणून, किंवा ओळखीने. काम येतंय की नाही याची परीक्षा झालीच नाही. मनात भीती राहते की हे पुन्हा जमेल का. मग दुसऱ्या टेंडरचे कागद शेवटच्या रात्री भरले जातात, कामाच्या आदल्या दिवशी पार्टी लांबते, साइट इंजिनियरशी उगाच वाजतं. काम गेलं की कारण तयार. "टाइमच नव्हता, नाहीतर घेतलंच असतं." दारूचा यातला वाटा गावोगाव सगळ्यांना माहीत आहे.

यावर एकच करता येतं. झालेल्या प्रत्येक कामानंतर दोन ओळी लिहायच्या, काम कशामुळे मिळालं आणि पैसे कशामुळे सुटले. ओळखीने मिळालं असेल तर तसं लिहायचं. पाच-सहा कामांनंतर आपल्याला खरंच काय येतं ते कागदावर दिसतं, आणि जे येत नाही ते शिकता येतं. नाहीतर त्यासाठी माणूस ठेवता येतो.

सवय किती दिवसांत मोडते

"21 दिवसांत सवय बदला" असे व्हिडिओ मोबाइलवर फिरत असतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगी लागायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाला 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा चोपडी लिहायला घेतली आणि गणपतीत चार दिवस राहिली म्हणून सोडून देऊ नये, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडावी.

सगळ्या सवयी एकदम धरू नयेत. एक निवडावी आणि ती रोज होणाऱ्याच एखाद्या कामाला बांधावी. शटर खाली ओढण्याआधी त्या दिवसाची जमा, खर्च आणि उधारी लिहायची. वही की मोबाइलमधलं ॲप, कुठलंही चालेल. हिशोब दुसऱ्या कुणाला तरी आठवड्यातून एकदा दाखवायचा. दाखवायचा आहे म्हटल्यावर लिहिला जातो. सीए वर्षातून एकदा भेटतो, त्याचा यासाठी उपयोग नाही. घरातली बारावी-बीकॉम झालेली सून किंवा मुलगी असेल तर तिच्याकडे चोपडी द्यावी. आणि दिली तर खरी द्यावी. "यांना पुढचा माल नको" असं ती म्हणाली तर तेवढा अधिकार तिला असावा. कोळीवाड्यात मासळी विकणं आणि पैसा सांभाळणं बायकांच्या हातात पूर्वीपासून आहे, त्यामुळे यात नवीन असं काही नाही.

जुन्या वसुलीसाठी चेकचे खटले लोकअदालतीत तडजोडीने मिटवता येतात. तिथे भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि झालेल्या निवाड्यावर अपील नसतं. पूर्ण रक्कम येतेच असं नाही, पण अडकलेल्यातलं काही हाती येतं. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, सरकार तिची फी घेत नाही. सायबर कॅफेवाला फॉर्म भरून द्यायचे थोडे पैसे घेईल, पण "सरकारी फी" म्हणून कुणी हजार-दोन हजार मागितले तर तिथून उठावं.